आमच्या घरचा फुलोरा

मराठीच्या तासाला एकदा 'फुलोरा' हा शब्द आला. सरांनी अर्थ सांगितला, बहर, मोहर, फुलांनी लगडलेली फांदी. वर्गातल्या निम्म्या मुलींनी एकमेकींकडे पाहिले. आम्हा तुळजापूरच्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या मुलींच्या डोळ्यांपुढे फांदी आलीच नव्हती. आली होती ती तेलाची कढई. आमच्याकडे फुलोरा झाडाला येत नाही, तो तळावा लागतो. तास संपल्यावर मी भीतभीतच हे सरांना सांगितले. ते हसले आणि म्हणाले, "कोशातला अर्थ कोशात आहेच. तुमचा अर्थ वार्षिकांकासाठी लिहून आणा." तेव्हा या लेखात काही उणे-अधिक आढळल्यास त्याचे थोडे श्रेय सरांकडेही जाते.

ज्यांच्या घरी ही पद्धत नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. आश्विन शुद्ध प्रतिपदेला घट बसतात. पत्रावळीवर काळी माती पसरून तीत धान्य पेरायचे, मधोमध पाण्याने भरलेला मातीचा घट ठेवायचा आणि रोज एक माळ वर बांधायची, एवढे सर्वांना ठाऊकच आहे. या घटाच्या वर, चार काठ्यांच्या चौकटीला, दोऱ्यांनी जे खाण्याचे जिन्नस टांगतात तो फुलोरा. कुणी त्याला फुलवरा म्हणतात. तो कुणाकडे पाचव्या माळेला बांधतात, कुणाकडे सातव्या, आमच्याकडे अष्टमीला. त्यात मुख्य कडाकण्या, म्हणजे गुळाच्या पाण्यात मळलेल्या कणकेच्या, पातळ लाटून कडक तळलेल्या पुऱ्या. त्यांच्या जोडीला त्याच कणकेची देवीची लेणी: वेणी, फणी, करंडा, आरसा, बांगड्या, जोडवी, मंगळसूत्र, आणि एक लहानसा पाळणा. दसऱ्यापर्यंत हे सारे देवीचे. दसरा झाला की पोरांचे.

खाण्याच्या वस्तूने सण सजवण्याची ही हौस एकट्या नवरात्राची नाही. भाद्रपदात मराठवाड्या-विदर्भाकडे महालक्ष्म्यांवरही फुलोरा असतो. संक्रांतीला नव्या सुनेच्या आणि बोरन्हाणाच्या बाळाच्या अंगावर हलव्याचे दागिने घालतात. परदेशातही ही हौस आहे. ग्रिम बंधूंनी १८१२ साली जर्मनीत छापलेल्या गोष्टींत दोन भुकेल्या पोरांना रानात पावाचे घर सापडते, त्याचे छप्पर केकचे असते. इटलीतल्या सिसिली बेटावर सालेमी नावाचे गाव आहे. तिथे मार्च महिन्यात संत जोसेफच्या सणाला पावाच्या पिठाची फुले, मोर आणि सुताराची हत्यारे करून वेदी सजवतात असे माझ्या वाचनात आले. जोसेफ हा सुतार, म्हणून त्याला हत्यारे. हे मला फार पटले.

पण पटले तसा एक प्रश्नही पडला. आमची देवी काही घरात बसून वेणी-फणी करणारी नव्हे. तुळजापूरच्या गाभाऱ्यात उभी आहे ती महिषासुरमर्दिनी, अष्टभुजा. हातांत त्रिशूळ, चक्र, धनुष्यबाण, आणि एका हाताने दैत्याची शेंडी धरलेली. मग सालेमीच्या हिशोबाने तिच्या फुलोऱ्यात शस्त्रे पाहिजेत. फणी, करंडा आणि जोडवी कशासाठी? मी हे आजीला विचारले. आजी शाळेची पायरी चढलेली नाही, पण उत्तराला ती कधी अडली नाही. ती म्हणाली, "लढून आल्यावर तिला केस विंचरायला नगं का?"

यावर मला काही बोलता आले नाही. आजीच्या म्हणण्याला देवळातल्या रिवाजाचाही आधार आहे. नवरात्राच्या आधी देवी पलंगावर निजते, तिला घोर निद्रा म्हणतात. आणि दसऱ्यानंतर कोजागिरीपर्यंत पुन्हा निजते, ती श्रम निद्रा. नऊ दिवस लढून ती दमते, हे या गावाने मान्यच केलेले आहे. दमलेल्या बाईला फणी लागते, आरसा लागतो. असो.

आता खरी अडचण सांगते. आमच्या घरातल्या रीतीप्रमाणे फुलोऱ्याच्या कणकेला हात लावायचा तो सवाष्णीने, नाहीतर कुमारिकेने. घरात सवाष्ण एकच, माझी आई. आणि आई नवरात्रात घरी नसते. महाद्वाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर ती परड्या, कवड्यांच्या माळा आणि हळद-कुंकू घेऊन बसते. शेतकऱ्याची सुगी दिवाळीच्या आगेमागे, आमची सुगी हे नऊ दिवस. पहाटे चारला गेलेली आई रात्री अकरा-बाराला परत येते, पायांना तेल लावते आणि झोपते. वडील सोलापूरच्या रस्त्यावर यात्रेकरूंची जीप चालवतात, ते तर दोन दोन दिवस दिसत नाहीत.

घरी उरतो आम्ही. आजी, काकू, मी, माझा चौथीतला भाऊ, काकूच्या दोघी मुली (थोरली सातवीत, धाकटी तिसरीत) आणि शेजारचा एक पाहुणा, जो दुसरीत आहे व जेवणाच्या वेळा सोडून कधीच त्याच्या घरी नसतो. आजोबा गेले त्याला पंचवीस वर्षे झाली. काका गेले त्याला चार. म्हणजे पाहा, कडाकणी कशी कुरकुरीत होते हे ज्या दोघींच्या बोटांना कळते त्या दोघींनी कणकेला शिवायचे नाही. आणि ज्यांनी शिवायचे त्यांना साधी पुरी गोल लाटता येत नाही. आमच्या घरी फुलोरा पोरांकडून करून घेतात तो पोरांच्या हौसेखातर नव्हे. पोरांचेच हात तेवढे चालतात म्हणून.

मुलग्यांचे हात चालतात का, हा प्रश्न भावाने काढला, कारण त्याला पळ काढायचा होता. आजीने निकाल दिला, "लगीन न झालेलं लेकरू देवाचंच." झाले. त्यालाही बसावे लागले.

काकूच्या हाताविषयी लिहिलेच पाहिजे. ती लग्न होऊन आली त्या पहिल्याच नवरात्रात तिने पाच पेडांची वेणी घातली होती आणि ती पाहायला गल्लीतल्या बायका आल्या होत्या, असे आई सांगते. तिच्या फणीचे दात मोजून घ्यावेत असे सारखे. करंड्याला झाकण, आणि झाकणाला मोहरीएवढी घुंडी. काका वारल्यावर पहिल्या नवरात्रात ती आपण होऊनच मागे सरकली. तिला कुणी 'नको' म्हटले नाही. 'ये' मात्र कुणीच म्हटले नाही. तेव्हापासून ती फुलोऱ्याच्या दिवशी भिंतीला टेकून बसते आणि भाजी निवडते. त्या दिवशीची आमच्या घरची भाजी जरा जास्तच निवडलेली असते.

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ साली, घट बसले २२ सप्टेंबरला आणि त्याच सुमारास पावसाने आमच्या जिल्ह्याला धुऊन काढले. परांडा, भूमकडच्या गावांत पाणी शिरले, माणसांना बोटींतून काढावे लागले. माझ्या मामाचे सोयाबीन शेतातच सडले. गावात यात्रेकरू कमी, म्हणून आईचा धंदा कमी. आजी म्हणाली, यंदा तळण आटोपते घ्या. अर्धा किलो कणीक, पाव किलो बारीक रवा, मूठभर बेसन आणि पाव किलोला जरा कमी गूळ, एवढ्यावर भागवायचे ठरले.

त्याच दिवसांत मी वाचनालयातून एक जुने कात्रण उतरवून आणले होते. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचे गाव आहे. तिथल्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचे कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे, जोडवी काढणे या प्रथा गावात बंद. त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे करावे म्हणून परिपत्रक काढले. मला हे वाचून फार आनंद झाला होता. महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलीने घरात काहीतरी आणावे, नुसती पुस्तकेच काय आणायची, असेही थोडे मनात होते. अष्टमीच्या सकाळी मी ते काकूला वाचून दाखवले. तिने ऐकून घेतले. पालकाची जुडी सोडत म्हणाली, "चांगलं केलं त्या गावानं. पण हे पुसू नका, फोडू नका, एवढंच झालं की गं. फुलोरा बांधायला या, असं कुठं लिहिलंय त्यात?"

मी कात्रण पुन्हा वाचले. तिथे तसे लिहिलेले नव्हते.

आजी उंबऱ्याशी बसली होती. तिला ऐकू जात होते की नाही, ते देवीला ठाऊक. ती म्हणाली, "गूळ इरगळला का बघा. खडा राहिला तर कढईत करपंल."

कृती अशी. गूळ कोमट पाण्यात विरघळवून गाळून घ्यायचा. कणीक, रवा, बेसन, चिमूटभर मीठ आणि तीळ एकत्र करून त्यावर चार चमचे कडकडीत तेलाचे मोहन घालायचे. मोहन कमी पडले तर कडाकणी दगड होते, जास्त झाले तर दोऱ्यावर टांगताच तुटते. मग गुळाच्या पाण्याने घट्ट मळून अर्धा तास झाकून ठेवायचे. लाटताना पातळ लाटायचे आणि काट्याने टोचायचे, म्हणजे पुरीसारखी फुगत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दोऱ्यासाठीचे भोक तळण्याआधी पाडायचे. तळताना ते आवळते, म्हणून वाटते त्याहून मोठे पाडायचे. आच मंदच हवी. गुळामुळे रंग लवकर चढतो; बाहेरून तांबूस दिसली तरी आतून मऊ राहिलेली असते. हे सारे मी वहीत उतरवले. आमच्या घरात फुलोऱ्याची कृती कागदावर उतरली ती पहिल्यांदा. आजीने वहीकडे पाहिले आणि म्हणाली, "कागदाला काय कळतंय, बोटाला कळाया पाहिजे." विद्यापीठाच्या परीक्षेतही असा प्रश्न विचारला पाहिजे असे मला कधीकधी वाटते.

मुले बसली. पहिल्या तासाभरात जे तयार झाले त्याचे वर्णन न केलेले बरे. भावाने लाटलेल्या कडाकणीचा आकार परांडा तालुक्याच्या नकाशासारखा होता. शेजारच्या पाहुण्याने आरशाऐवजी मोबाईल केला आणि त्यावर काडीने बटणे टोचली. आरसा काय नि मोबाईल काय, तोंडच बघायचे असते, असे त्याचे म्हणणे. धाकटीने मात्र कुणाला न विचारता तलवार केली. देवळात ती आईच्या कडेवरून भवानी तलवार अलंकार पूजा पाहून आली होती, ज्यात देवी शिवाजी महाराजांना तलवार देते अशी सजावट असते. मी आजीकडे पाहिले. फुलोऱ्यात तलवार कुणी घातल्याचे मी ऐकले नव्हते. आजी म्हणाली, "घाला. पण आधी फणी घाला."

वेणीपाशी घोडे अडले. तीन पेडांची वेणी थोरलीला केसांची येते, कणकेची येईना. पेड ओढले की तुटत, न ओढावे तर चिकटत. तीनदा मोडून झाली. काकू भाजी निवडत होती. तिची बोटे पालकाच्या देठांवर चालली होती आणि नजर परातीवर. शेवटी ती उठली, स्वयंपाकाच्या डब्यातली रोजची कणीक घेतली, वेगळ्या ताटलीत भिजवली आणि मुलींपासून हातभर अंतरावर बसली. म्हणाली, "ही पोळीची कणीक आहे. फुलोऱ्याची नाही. मी माझ्या पोळीच्या कणकेचं काही बी करीन."

उंबऱ्यावरून काही आवाज आला नाही.

मग काकू तिच्या ताटलीत एक पेड वळायची आणि थोरली परातीत एक पेड वळायची. काकू दाबायची, थोरली दाबायची. "तेलाचं बोट लाव. ओढू नको, लोळव. पेड मधी जाड, टोकाला बारीक. आता डावीकडचा वरून." असे करत काकूच्या ताटलीत पाच पेडांची वेणी उतरली. चार वर्षांनी. तिने तिच्या कडेला नखाने फुलांच्या पाकळ्या काढल्या, मोगऱ्याचा गजरा माळल्यासारख्या. थोरलीचीही झाली, जराशी वाकडी, पण झाली. मंगळसूत्राचे मणी वळताना थोरलीने खाली मान घालून विचारले, "आई, तुझ्यात किती वाट्या होत्या?" "दोन," काकू म्हणाली, "सगळ्यांच्यातच दोन असत्यात." आणि तिने मला कढई ठेवायला सांगितले.

तळण मी केले. एकेक जिन्नस मुले आणून द्यायची, मी सोडायची. फणी, बांगड्या, जोडवी, पाळणा, मोबाईल, तलवार. सगळे तळून ताटात मांडले तेव्हा दिसले, की सगळे तांबूस आहे आणि एकच वस्तू पांढरटपिवळी. पाच पेडांची वेणी. गूळ नसलेल्या कणकेला तसा रंग चढत नाही. कढईत ती कुणी आणून दिली हे मला माहीत आहे. धाकटीच्या हाताला तेवढे पीठ लागलेले होते. तिला विचारले तर तिने सरळ उत्तर दिले, "ती चांगली झाली होती म्हणून." थोरलीची वाकडी वेणीही ताटात होती. फुलोऱ्यात वेणी एकच घालतात.

चौकट बांधायला मुलांना स्टुलावर चढवले. आजी खालून सांगत होती, मधोमध पाळणा, त्याच्या भोवती नऊ कडाकण्या, लेणी खालच्या दोऱ्यांना. ताटातून एकेक वस्तू उचलून ती कुठे जायची ते बोटाने दाखवी. हात लावीत नसे. वेणीची पाळी आली. ताटात दोन वेण्या, एक तांबूस, एक गोरी. आजीला दिसायला कमी झाले आहे, पण इतके कमी नाही.

"ही कुणी घातली?" तिने विचारले.

"मी," धाकटी म्हणाली.

तिसरीतल्या मुलीने पाच पेडांची वेणी घातली हे ऐकून आजी काही वेळ गप्प राहिली. काकू भिंतीशी पालकाचे देठ गोळा करीत होती, ते आधीच गोळा झालेले होते. मी स्टूल धरून उभी होते. मग आजी म्हणाली, "दोरा दुहेरी घ्या. जड आहे ती. एकेरी टिकायची नाही." धाकटीने दोरा दुहेरी केला आणि गोरी वेणी घटाच्या बरोबर वर टांगली. त्या रात्री उशिरा आई आली. फुलोऱ्याखाली दिवा लावताना ती थांबली, वर पाहिले, मग आतल्या खोलीत झोपलेल्या काकूकडे पाहिले. काही बोलली नाही. सकाळी जाताना तिने काकूसाठी चहा करून ठेवला होता. नवरात्रात आईने चहा करून ठेवण्याची आमच्या घरी पद्धत नाही.

त्या ओल्या हवेत फुलोरा फार टिकला नाही. २ ऑक्टोबरला दसरा आला तोवर कडाकण्या सादळल्या, तीन दोऱ्यांतून सुटून खाली धान्याच्या हिरव्या अंकुरांवर पडल्या. तलवार मधोमध वाकली होती. घट उठल्यावर सगळे उतरवले आणि तव्यावर शेकून पुन्हा कडक केले. मग वाटणी. तलवारीवरून भांडण झाले. मूठ शेजारच्या पाहुण्याला गेली आणि पाते आमच्या घरात राहिले. मोबाईल कुणी खाल्ला ते शेवटपर्यंत कळले नाही. थोरलीने मंगळसूत्राचे मणी मोजून सर्वांना सारखे दिले आणि दोन्ही वाट्या आईपुढे धरल्या. काकूने एक स्वतः खाल्ली, एक तिच्या तोंडात घातली.

गोऱ्या वेणीला पोरांपैकी कुणी हात लावेना. धाकटीने आधीच एक पाकळी चाखून पाहिली होती आणि ती गोड नाही ही बातमी सर्वत्र पसरली होती. आजी म्हणाली, "आणा हिकडं. मला साखरेचा आजार आहे. बिगर गुळाचंच मला बरं." तिने ती वेणी पदरात घेतली, पेड एकेक करून मोडला आणि बिनसाखरेच्या चहात बुडवून खाल्ला. पाचही.